पुण्यात मावशीकडे, मलिद्याच्या निमित्तानं

जानेवारीत पुण्याला जाऊन आले, त्याबद्दल लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं होतं. ठाणं ते पुणं हा काही मोठा प्रवास नाही हे मलाही माहितीये, पण ह्या वेळी बरोबर माझी मावसबहीण आणि तिची मुलगी होती, दोघी दिमोनाहून आलेल्या. दिमोना म्हणजे इस्रायलच्या दक्षिणेला वाळवंटातलं गाव, तिथं आपल्या लोकांची एवढी वस्ती आहे की समोसे आणि भेळ दुकानात मिळते. निमित्त होतं पुण्याच्या मावशीच्या मलिद्याचं, म्हणजे नवस फेडायच्या आमच्या विधीचं आणि त्यातल्या गोड पोह्यांच्या प्रसादाचं. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, त्याआधी तिनं नवस बोलला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात सांगतात ते असं की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज. पुढे घाणे घातले, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी शनवार तेली म्हणायला लागले. आडनावं गावांवरून पडली, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते किहीमकर. आमचंही ‘कर’वालंच आहे. घरात भाषा मराठी, स्वयंपाक कोकणी, लग्नात मेंदी आणि हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. आज सगळ्या भारतात मिळून आम्ही ज्यू पाच हजारांच्या आत आहोत, बाकीचे तिकडे गेले.

माझी आई आणि तिच्या दोन बहिणी. आई ठाण्यात दिली, मोठी मावशी 1970 साली नवरा-मुलांसकट इस्रायलला गेली, धाकटी पुण्यातच राहिली, रास्ता पेठेत. तिची मुलगी म्हणजेच आता आलेली ही मावसबहीण, माझी ताई, गेली तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. मोठी मावशी आता नाही, त्यामुळे धाकट्या मावशीला बघायचं हे ताईच्या डोक्यात कधीपासून होतं.

गुरुवार

इंद्रायणीनं गेलो, ठाण्याहून पहाटे. कर्जतला वडापाव आणि मग घाट, भाची पूर्ण वेळ दारात उभी, तिला सारखं आत ओढावं लागत होतं. पुण्यात उतरलो तर थंडी अशी की स्टेशनबाहेर सगळे कानटोपी घालून, ताई म्हणाली वाळवंटातली थंडी वेगळी आणि ही वेगळी, ही हाडात शिरते. (जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर घ्याच, दुपारी काढून ठेवावा लागतो पण सकाळ-संध्याकाळ लागतो.)

रिक्षावाले काका गप्पिष्ट होते. ताईचं मराठी ऐकून त्यांनी आरशातून दोनदा बघितलं. तिचं मराठी म्हणजे आमच्या आज्जीचं मराठी, “अगो”, “बाय”, “मेलं कुठं ठेवलं”, पन्नास वर्षांपूर्वीचं जसंच्या तसं, कारण तिकडे आईकडून जे शिकली तेच टिकलं. काका म्हणाले कोकणातल्या का तुम्ही? ताई म्हणाली हो. मग भाचीकडे वळून मराठीत काहीतरी विचारलं, तिला कळेना, तर म्हणाले आजकालच्या पोरांना मराठी येत नाही, इंग्लिश मीडियममध्ये घातलं की असं होतं बघा. भाचीला भाषांतर करून सांगितलं तर तिचा चेहरा एकदम खुलला. म्हणाली, मावशी, हा पहिला माणूस ज्यानं मला बघून मी कुठून आले असं विचारलं नाही, मी इथलीच आहे असं धरून चालला. दिमोनात जन्मली, शाळा तिथं, सैन्यात दोन वर्षं काढली, तरी दुसऱ्या शहरात गेली की तिला विचारतात तू हिंदी, म्हणजे भारतीय ना? रंग बघून. आणि तिला हिंदीही येत नाही आणि मराठीही येत नाही.

मावशीच्या दारावर मझुझा आहे, आत धर्मवचनं ठेवलेली पितळी डबी, वर्षानुवर्षं बोटं लागून गुळगुळीत झालेली. ताईनं हात लावून ओठांना लावला आणि मग आत न जाता तिथंच उभी राहिली, मावशी आतून काठी टेकत आली, त्या दोघींचं काय झालं ते इथं लिहीत नाही. दुपारी जेवायला वालाचं बिरडं, भात, लिंबाचं लोणचं.

संध्याकाळी चहाला शेजारचे एक गृहस्थ आले. सज्जन माणूस, मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दीड वाजता गाडी काढणारा. ताई इस्रायलहून आलीये म्हटल्यावर उठून हात जोडले आणि म्हणाले, तुमच्या लोकांनी दाखवून दिलं सगळ्यांना, आपण शिकायला पाहिजे तुमच्याकडून. ताई गप्प बसली. तिच्या मैत्रिणीचा मुलगा गाझाच्या लढाईत गेलाय, आणि पलीकडे जी लहान मुलं मेली त्यांच्याबद्दलही ती रडलेली मी फोनवर ऐकलेली आहे, तिला हे शाबासकीसारखं कसं घेता येणार. मग ते माझ्याकडे वळून पुन्हा तेच म्हणाले, तुमच्या लोकांनी. मी म्हटलं काका, मी ठाण्याची, मतदान कोपरीत करते. हसले, म्हणाले तसं नाही हो. पण तसंच आहे. मला ऑफिसमध्ये ह्याच्या उलटंही ऐकावं लागलंय, तुम्ही लोक तिकडे हे काय चालवलंय म्हणून. एकाच्या कौतुकाची मी धनी नाही आणि दुसऱ्याच्या रागाचीही नाही. प्रार्थना करताना आमचं तोंड जेरुसलेमकडे असतं, लहानपणापासून असतं, आणि जन गण मन लागलं की घसा दाटतो, हे दोन्ही माझ्यात एकाच वेळी असतं, आणि त्यात मला कधीच अडचण झालेली नाही. अडचण समोरच्याला होते, त्याला एकच उत्तर हवं असतं.

शुक्रवार

सकाळी गणेश पेठेत मासे आणायला. शब्बाथचा, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाचा, मासा हवाच. भाचीला बाजार बघायचा होता म्हणून तिलाही घेतलं, नाक दाबून का होईना पण शेवटपर्यंत आली. रावस घेतला, पापलेट घेतलं. कोळंबी मस्त ताजी होती पण ती आम्हाला चालत नाही, पंख आणि खवले दोन्ही असले तरच मासा खायचा. कोळीणबाईला मावशीची ओळख, म्हणाली कोळंबी नको ना तुम्हाला, म्हातारीला माहितीये मला.

तिथंच उभं राहून भाचीला दाविद रहाबीची गोष्ट सांगितली. बाहेरून आलेला एक ज्यू माणूस, कोकणात हे शनिवार पाळणारे लोक बघून त्याला शंका आली की हे आपलेच तर नाहीत? त्यानं बायकांना वेगवेगळे मासे एकत्र करून रांधायला दिले. बायकांनी खवल्यांचे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले, आम्ही हे खात नाही म्हणाल्या. झालं, खात्री पटली. लहानपणी ही गोष्ट मला फार आवडायची, आपल्या बायकांचा अभिमान वाटायचा. ह्या वेळी सांगता सांगता मात्र वाटलं की आमची सगळ्यात जुनी गोष्टसुद्धा कोणीतरी घेतलेल्या परीक्षेचीच आहे. भाचीनं विचारलं, त्या बायकांनी त्याची परीक्षा घेतली का? बरोबर विचारलं तिनं.

मासे घरी टाकून कॅम्पात लाल देवळात गेलो. ओहेल दाविद सिनॅगॉग हे खरं नाव, पण पुण्यात कोणालाही लाल देऊळ म्हणूनच विचारा, मोलेदिना रोडला आहे. लाल विटांचं, उंच मनोरा, त्यावर घड्याळ, लांबून चर्चच वाटतं. दाविद ससूननं बांधायला घेतलं 1863 मध्ये, तो 1864 ला पुण्यातच वारला, इमारत पुरी झाली 1867 ला. त्याची समाधी आवारातच आहे. ससून हॉस्पिटल ज्याच्या पैशानं उभं राहिलं तोच हा, आणि ताईचा जन्म ससूनमधला, त्यामुळे ती समाधीपाशी बराच वेळ थांबली.

जायचं असेल त्यांच्यासाठी: असंच उठून आत जाता येत नाही. 2008 ला मुंबईत नरिमन हाऊसवर, तिथल्या ज्यू केंद्रावर, हल्ला झाला त्यानंतर बंदोबस्त फार कडक आहे. आधी परवानगी काढा, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवा, आत फोटो काढायचा विचार सोडून द्या. पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल न्या. आणि शुक्रवारी दुपारनंतर किंवा शनिवारी बघायला म्हणून जाऊ नका, ती प्रार्थनेची वेळ असते.

आत गेल्यावर भाची म्हणाली किती सुंदर आहे, आपलं आहे? मावशीच्या ओळखीचे एक काका होते बरोबर, ते म्हणाले आता आपलं आहे. मग बाहेर झाडाखाली बसून सगळं सांगितलं. ससून बगदादचे. बगदादी ज्यू मुंबईत आले तेव्हा सुरुवातीला आमच्याच लोकांबरोबर प्रार्थना करायचे, आमच्याच दफनभूमीत पुरायचे. मग त्यांची भरभराट झाली, साहेबाबरोबर उठबस वाढली, आणि 1836 मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला की मुंबईच्या दफनभूमीत मधे भिंत घालून द्या. आमच्या मेलेल्यांपासून त्यांचे मेलेले वेगळे. त्या अर्जात दाविद ससूनचंही नाव होतं. पुढेही प्रार्थनेला दहा पुरुष लागतात त्यात आमचा माणूस धरायचा की नाही ह्यावर वाद घालत राहिले. आम्ही काळे, मराठी बोलणारे, साडी नेसणारे, ह्यांच्यात बाहेरचं रक्त मिसळलेलं असणार, असं. आता बगदादी निघून गेले, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, आणि लाल देवळात दिवा लावायला राहिलेत ते बेने इस्राएल.

ताई पुन्हा समाधीकडे बघत होती. मी विचारलं राग आला का? म्हणाली नाही गो, हॉस्पिटल बांधलंन त्यानं, माझी आय तिथं सुखरूप सुटली. दोन्ही खरं आहे ना.

येताना कयानी बेकरीतून श्रुसबेरी बिस्किटं घेतली (सकाळीच जा, दुपारी बंद असते, आणि रांग असतेच). दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं होतं, कॅम्पातून रास्ता पेठ तसं जवळ, पण शुक्रवारच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही म्हणून लवकर निघालो.

शब्बाथची तयारी मावशीनं ताईकडून करून घेतली, खुर्चीत बसून हुकूम सोडत. काळ्या मनुका सकाळीच भिजत घातलेल्या, टम्म फुगलेल्या. त्या हातानं कुस्करायच्या, बिया बोटाला लागतात, मलमलच्या फडक्यातून पिळून रस काढायचा, जांभळट तपकिरी, थोडा दाट. वाईन मिळायची नाही त्या काळी कोकणात, म्हणून किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, हा शरबत, आणि आता वाईन मिळते तरी मावशीकडे हाच. दिवाही जुन्या पद्धतीचा, काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात तरंगती वात. भाचीनं लावला. तिच्या घरी मेणबत्त्या असतात, तिचा हात थरथरत होता, वात बुडेल म्हणून.

माशाचा हिरवा रस्सा, नारळाच्या दुधातला. आमच्यात मटणा-कोंबडीबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही म्हणून जिथं तिथं नारळाचं दूध, ते आता माशालाही आणि खिरीलाही. ताईनं तीनदा भात घेतला.

शनिवार

सकाळी चालत सुक्कथ शेलोमो सिनॅगॉगला. हे आमचं, बेने इस्राएलांनी बांधलेलं, 1921 चं, रास्ता पेठेतच. लाल देवळाच्या मानानं साधं. दहा पुरुष जमायला वेळ लागला, एक आजोबा जिना चढून धापा टाकत आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे सैल झाले. संपल्यावर आमची एक पद्धत असते, मोठी माणसं तुमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतात, मग सोडून आपापली बोटं ओठांना लावायची, आणि तो आशीर्वाद असा हातोहात पुढं जातो. भाचीला एका आजीनं हात दिला, तिला आपोआप जमलं. दिमोनातही करतात म्हणाली.

शनिवारी दुपारी काही करायचं नसतं, चूल नाही, प्रवास नाही, नुसतं बसायचं. ह्या दुपारसाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं.

भाची बोलत होती. शाळेत एका मुलीनं तिला म्हटलं होतं, तुम्ही हिंदी लोक खरे ज्यू नाही, तुम्हाला नंतर करून घेतलं. मग ताईनं सांगितलं, हे जुनंच आहे. 1951 मध्ये भारतातून गेलेले शंभरावर लोक तिकडे धरणं धरून बसले होते, रंगावरून आम्हाला वाईट काम, वाईट घर, वाईट पाव मिळतो, आम्हाला परत पाठवा म्हणून, आणि 1952 मध्ये त्यांना खरंच विमानानं परत आणून सोडलं. पुढे बरेचसे परत गेलेही. मग 1962 ला तिथल्या धर्मपीठानं फतवा काढला की बेने इस्राएल माणूस लग्नाला आला की त्याच्या आईची, आज्जीची, पणजीची, जेवढं मागे जाता येईल तेवढी चौकशी करा. आपले लोक 1964 मध्ये रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये उपास केले, पार्लमेंटमध्ये ठराव झाला, तेव्हा ते मागे घेतलं आणि हे सर्वार्थानं ज्यू आहेत असं म्हणावं लागलं. ताईचे वडील म्हणे ते कात्रण पाकिटात घेऊन फिरायचे.

आम्ही तिघी चांगल्या तापलो होतो. आणि मावशी, इतका वेळ डोळे मिटून पडलेली, एकदम म्हणाली, आणि आपण काय केलं ते सांगा ना पोरीला.

आम्हाला वाटलं झोपेत बोलतेय.

उठून बसली. म्हणाली, आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते की नाही? ताईला माहीत नव्हतं. मला अर्धवट माहीत होतं, घरात कोणी बोलायचं नाही. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बापानं जातीबाहेरची बायको केली ते काळे, त्यांची मुलंबाळं, नातवंडंपतवंडं काळी, रंगानं गोरी असली तरी काळी. त्यांच्यात मुलगी द्यायची नाही, करायची नाही. किहीमकरांनी आमच्या समाजाचा इतिहास लिहून ठेवलाय त्यातही हे आहे. मावशी म्हणाली, मी लहान असताना आमच्या घरी मलिदा होता, शेजारचं एक कुटुंब आलं, आज्जीनं त्यांना ओटीवर बसवलं आणि त्यांच्या मलिद्याचं ताट निराळं भरलं. त्यांच्यातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. ती सोमवारी शाळेत माझ्याशी बोलली नाही, आणि मी आज्जीला विचारलं तर आज्जी म्हणाली ते शुद्ध नाहीत. मग मावशीनं दिमोनाच्या भाचीकडे बोट केलं आणि म्हणाली, ते बगदादवाले आपल्याबद्दल तेच म्हणत होते, आणि ते धर्मपीठवाले तेच म्हणत होते, आणि तुझी ती वर्गातली पोरगी तेच म्हणते, शब्द पण तोच.

पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता वगैरे मी लिहिणार नाही, उलट आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. ताई म्हणाली आपल्यावर एवढं झालं तरी आपण? मी म्हटलं इथल्या मातीतच आहे ते, जातपात, गावात सगळे करतात ते आपणही उचललं. भाची म्हणाली, म्हणजे भारतीय असल्याचा हा पुरावा धरायचा का? रागानं म्हणाली, आणि मला त्याला उत्तर देता आलं नाही, आणि अजूनही मला वाटतं की हो, तोही धरावा लागेल. आपण मराठी आहोत म्हणताना पुरणपोळी आणि कीर्तन तेवढं सांगायचं आणि वेगळी पंगत लपवायची हे चालणार नाही.

भाचीनं मग 2016 मधलं एक संशोधन सांगितलं, तिला ते पाठ आहे. बेने इस्राएल लोकांचं डीएनए तपासलं तर मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसाही सापडला आणि भारतीय वारसाही, दोन्ही भरपूर. ती हे आधी लोकांना दाखवायची, बघा मी ज्यू आहे, शास्त्रानं सिद्ध झालंय. आता म्हणाली, ह्याचा अर्थ आपण सगळेच काळे इस्राएल. मावशी म्हणाली, मग? मी कधीची तेच सांगतेय.

मला विचाराल तर ह्यापुढे मी शुद्ध ह्या शब्दावर कोणाशी वादच घालणार नाही. आम्ही शुद्ध आहोत म्हणून मान्य करा, ही मागणीच चुकीच्या दारात जाऊन केलेली आहे, कारण ते दार उघडलं की आपण आत जातो आणि मागच्याला बाहेर ठेवतो. आमच्या आज्जीनं तेच केलं. शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, मुलांची सुंता केली, शमाची प्रार्थना म्हटली, तेवढं पुरे आहे. ज्याला त्यात यायचंय आणि जो त्यात वाढलाय तो आमचा.

संध्याकाळी तारे दिसल्यावर मलिदा. पोहे भिजवलेले, ओलं खोबरं, गूळ (बरेच जण साखर घालतात, मावशीकडे गूळ), वेलची, बदाम, बेदाणे, मोठ्या परातीत डोंगर करायचा, भोवती फळं, केळी, पेरू, चिकू, संत्री, खजूर, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाची पानं. एलियाहू हनावीला, म्हणजे एलिया प्रेषिताला आळवायचं, तो आमचा रक्षण करणारा. झाडाच्या फळाला वेगळी बराखा (आशीर्वचन), जमिनीतून येणाऱ्या फळाला वेगळी, सुगंधाला वेगळी. ह्यावरून भाचीनं गुगलवर बघून ठेवलं होतं की केळं झाडाचं धरत नाहीत, ते जमिनीचं, आणि एका काकांशी त्यावर बराच वेळ बोलली. शेजारचे गुरुवारवाले गृहस्थ सहकुटुंब आले होते. मावशीनं सगळ्यांना एका परातीतून वाढायला लावलं, आणि प्रत्येकाला वाढताना माझ्याकडे आणि ताईकडे बघत होती.

रविवार

सकाळी दफनभूमीत आजोबांना भेटायला. गवत गुडघाभर, पायात बूट हवेत. रखवालदाराकडे वही असते, पण नाव आणि साल दोन्ही माहीत असलं तरच पटकन सापडतं, जाताना लिहून न्या. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. शेवाळं चढलं होतं, ताईनं नारळाच्या शेंडीनं घासलं तर आधी ‘कर’ दिसलं, मग बाकीचं आडनाव, मग गाव. भाचीला हिब्रू वाचता येतं आणि मराठी नाही, मला मराठी येतं आणि हिब्रू अडखळत, म्हणून वरचं तिनं वाचलं आणि खालचं मी. वरच्यात देवाकडे आत्म्यासाठी मागणं होतं, खालच्यात नोकरी होती, रेल्वेत कारकून.

मग लक्ष्मी रोड, तुळशीबाग, भाचीला बांगड्या. वाटेत हुजूरपागा दाखवली, ह्या शाळेतून रेबेका रूबेन नावाची आमची मुलगी 1905 साली मॅट्रिकला पहिली आली होती, मुलामुलींत मिळून. पुढे मुंबईत शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि आयुष्यभर शिकवत राहिली. भाची फाटकापाशी फोटो काढून घेत होती तर तिथल्या बाईंनी विचारलं माजी विद्यार्थिनी का? मी म्हटलं नाही, नातेवाईक.

दुपारी मावशीनं ट्रंक उघडली. तिच्याकडे 1874 साली पुण्यातच छापलेल्या पेसाह सणाच्या हगादाची, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीची, पुन्हा छापलेली प्रत आहे, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी, आणि सुरुवातीलाच चित्र, साड्या नेसलेल्या बायका बसून सणाची बिनखमिराची भाकर करतायत. भाचीनं ते पान इतक्या वेळ हातात धरलं की मावशी म्हणाली फाडशील गो.

पण शोधत होतो ते वेगळंच. ताईला आणि भाचीला ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं) काढायचंय, दर वेळी व्हिसा नको म्हणून. इतकी वर्षं त्यांना वाटायचं की आपल्याला मिळणारच नाही, कारण परदेशी सैन्यात काम केलेल्याला ओसीआय देत नाहीत आणि इस्रायलमध्ये सैन्यातली नोकरी सक्तीची. 2017 ला मोदी तेल अवीवला गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं की सक्तीची नोकरी केलेल्या आपल्या लोकांना अडवणार नाही. मग राहिला पुरावा, ताई किंवा तिचे आईवडील 26 जानेवारी 1950 नंतर भारताचे नागरिक होते ह्याचा. ताई गेली ती आईच्या पासपोर्टवर, आणि तो पासपोर्ट कधीच गहाळ झाला.

ट्रंकेत साड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांचा वास लागलेल्या पाकिटात, मोठ्या मावशीचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. जन्मस्थान पुणे. धर्म आणि जात: ज्यू, बेने इस्राएल. राष्ट्रीयत्व: भारतीय. तीन रकाने, तीन उत्तरं, कोणा कारकुनानं टाकानं भरलेली, खाडाखोड नाही. ताईच्या जन्माची नोंद मात्र नव्हती, ती महापालिकेतून काढावी लागणार होती.

मला सोमवारी ऑफिस म्हणून मी संध्याकाळच्या गाडीनं निघाले. त्या दोघी थांबल्या. सोमवारी जन्म-मृत्यू नोंदणीत गेल्या, जन्मसाल आणि हॉस्पिटल माहीत असल्यामुळे काम झालं. कोणाला असं करायचं असेल तर शनिवार-रविवार धरून जाऊ नका, जुनी नोंद शोधायला वेळ लागतो, आणि आईवडिलांची नावं त्या काळच्या स्पेलिंगमध्ये लिहून न्या, आमच्याकडे एकाच माणसाची तीन स्पेलिंगं निघाली. मूळ दाखला मावशीनं दिला नाही, साक्षांकित प्रत घ्या म्हणाली, मूळ इथंच राहील. अर्ज गेलाय दोघींचा. पुढच्या हिवाळ्यात नवगावला जायचं ठरलंय, मावशीचा गुडघा तोवर चालायला लागला तर तिलाही नेणार, आणि तिनं सांगून ठेवलंय की त्या वर्गातल्या मैत्रिणीची मुलगी अलिबागला असते, उतरायचं तिच्याकडेच.